विषय गेल्यावर उरते काय : आधुनिक चित्र आणि सगुण-निर्गुणाचा प्रश्न

चित्रातून ओळखू येणारी वस्तू काढून टाकली, माणूस, झाड, घर, देव असे काहीच त्यात ठेवले नाही, तर जे उरते ते परमतत्त्वाच्या अधिक जवळचे असते काय, हा प्रश्न विसाव्या शतकातील चित्रकलेने धर्मविचारापुढे मांडला आणि तो अद्याप मिटलेला नाही. ज्या चित्रात रंग, रेषा, आकार आणि पोत यांखेरीज दुसऱ्या कशाचेही चित्रण नसते त्याला मराठीत अमूर्त चित्र म्हणतात. या प्रकारच्या चित्राचे आरंभीचे तीन मोठे पुरस्कर्ते, वासिली कँडिन्स्की, पिएट मोंद्रियान आणि काझिमिर मालेविच, हे आपण केवळ नवी शैली घडवीत नसून एका आध्यात्मिक सत्याकडे वाट काढीत आहोत असे मनापासून मानणारे होते. भारतात या मताला लवकर होकार मिळाला, कारण निर्गुण ब्रह्माची कल्पना येथे हाताशीच होती आणि निराकार चित्र म्हणजे निराकाराचे चित्र असे समीकरण मांडायला फारसे कष्ट पडत नव्हते. ते समीकरण तपासून पाहिले पाहिजे, कारण त्यात चित्रकलेवरही अन्याय होतो आणि निर्गुणाच्या विचारावरही.

हा दावा सर्वांत उघडपणे मांडला गेला तो पेत्रोग्राद येथे. डिसेंबर १९१५ मध्ये तेथे भरलेल्या ‘०.१०’ नावाच्या प्रदर्शनात मालेविच यांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा एक काळा चौकोन इतर चित्रांच्या ओळीत न लावता खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्यावर टांगला. रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत हा कोपरा आयकॉनचा, म्हणजे ख्रिस्त, माता मेरी आणि संत यांच्या पूज्य चित्रांचा असतो, आणि घरात येणारा माणूस आधी त्या कोपऱ्याकडे वळून क्रूसाची खूण करतो. पूज्य चित्राच्या जागी चौकोन बसवला गेला आहे, हे पाहणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नाही. अलेक्सांद्र बेनुआ या चित्रकार-समीक्षकांनी त्यावर तीव्र टीका केली. आपल्या मार्गाला मालेविच यांनी सुप्रीमॅटिझम असे नाव दिले होते, आणि वस्तूंच्या चित्रणाच्या ओझ्यातून सुटलेल्या शुद्ध संवेदनेचे प्रभुत्व असा त्याचा आशय होता. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मृत्युशय्येच्या वरच्या भिंतीवरही काळा चौकोनच होता. तेव्हा हा निव्वळ खळबळ माजवण्याचा उद्योग होता असे म्हणता येणार नाही.

पण आयकॉनची जागा घेणे म्हणजे काय, हे त्या परंपरेच्या बाजूनेही समजून घ्यावे लागते. आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात पूज्य चित्रे असावीत की नसावीत यावरून शतकाहून अधिक काळ संघर्ष चालला, चित्रे फोडली गेली, ती बाळगणाऱ्यांचा छळ झाला. इ. स. ७८७ मध्ये निकिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला तो असा की आराधना केवळ ईश्वराचीच करावयाची, चित्राला मात्र आदर द्यावयाचा, आणि चित्राला दिलेला आदर त्यात ज्याचे रूप आहे त्या मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो. त्याआधी दमास्कसच्या योहान या धर्मचिंतकाने चित्रांची बाजू मांडताना म्हटले होते की अदृश्य ईश्वराचे चित्र काढता येत नाही हे मान्यच आहे, परंतु त्या ईश्वराने ख्रिस्ताच्या रूपाने देह धारण केला असल्यामुळे त्या देहाचे चित्र काढणे हे अवताराला दिलेली कबुलीच ठरते. अर्थात आयकॉनचे पावित्र्य त्यातील रंगांतून किंवा रेषेतून येत नव्हते. ते चित्रापलीकडच्या एका निश्चित व्यक्तीकडून येत होते आणि चित्र हे तिच्याकडे जाण्याचे दार होते. मालेविच यांनी दाराची चौकट जागच्या जागी ठेवली आणि पलीकडची व्यक्ती तेवढी दूर केली. कोपऱ्याची प्रतिष्ठा चौकोनाला मिळाली, पण ज्या श्रद्धेने त्या कोपऱ्याला प्रतिष्ठा दिली होती तिची जबाबदारी चौकोनाने घेतली नाही.

कँडिन्स्की आणि मोंद्रियान यांची वाट वेगळी होती, आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि हेन्री ऑल्कट हे १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यार येथे जाईपर्यंत संस्थेचे भारतातील ठाणे मुंबईतच होते. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे आणि दृश्य जग हे सूक्ष्म जगाचे बाह्य कवच आहे, ही थिऑसॉफीची शिकवण युरोपातील अनेक चित्रकारांपर्यंत पोहोचली. कँडिन्स्की यांनी १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या पुस्तकात तिचा आदराने उल्लेख केला, आणि रंग व आकार यांची निवड चित्रकाराच्या आंतरिक निकडीतून व्हावी, वस्तूच्या अनुकरणातून नव्हे, असा सिद्धांत मांडला. मोंद्रियान १९०९ मध्ये नेदरलँड्समधील थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांचे घर कट्टर कॅल्व्हिनपंथी होते, आणि याच पंथाच्या लोकांनी १५६६ मध्ये त्या प्रदेशातील चर्चमधल्या मूर्ती व चित्रे फोडून भिंती उघड्या केल्या होत्या. मोंद्रियान यांच्या आडव्या-उभ्या काळ्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा या तीनच रंगांची शिस्त पाहताना पूर्वेकडून आलेल्या गूढवादाइतकीच ती चुन्याने पांढरी केलेली चर्चची भिंतही आठवते, आणि कदाचित भिंतीचा वाटाच मोठा असावा.

या तिघांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. अडचण आहे ती त्यांच्या युक्तिवादात. त्याचा गाभा नकाराचा आहे: वस्तू नको, आकृती नको, कथा नको; एकेक गोष्ट दूर करत गेल्यावर जे राहील ते केवळ सत्य. उपनिषदांतील ‘नेति नेति’ या पद्धतीशी, म्हणजे ब्रह्म हे अमुक नव्हे, तमुकही नव्हे, असे सांगत जाण्याच्या रीतीशी, याचे साम्य वरवर पाहता मोठे वाटते. परंतु बृहदारण्यकातील तो नकार वाणीने उच्चारलेला आहे, गुरू आणि जिज्ञासू यांच्या संवादात तो उच्चारला जातो, आणि वाणीजवळ ‘नाही’ म्हणण्याची सोय आहे. चित्राजवळ ती सोय नाही. चित्र जे दाखवते ते असतेच. घोडा नाही असे चित्र काढता येत नाही, घोडा नसलेले मैदानच काढावे लागते, आणि मैदानही काढायचे नसेल तर कोरे कापड दाखवावे लागते, जे पुन्हा एक कापडच असते. काळा चौकोन हा शून्याचा निर्देश नसून जवळपास ८० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या कापडावरचा तैलरंग आहे. आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात असलेल्या त्या चित्राला भेगांचे जाळे पडले आहे, आणि २०१५ मध्ये जाहीर झालेल्या तांत्रिक तपासणीत काळ्या रंगाखाली आधीच्या रंगीत रचना दडलेल्या आढळल्या. ज्याला रूपाचा शेवट म्हटले गेले त्याच्या पोटातच रूपे निघाली. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर कोणतेही चित्र, ते कितीही रिकामे असो, सगुणच असते. आकृतीचे गुण गेले की रंगाचे, पोताचे, आकारमानाचे आणि प्रकाशाचे गुण पुढे येतात.

निर्गुणाचा विचार ज्या परंपरेत खोलवर झाला आहे तिने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुन व्यक्त आणि अव्यक्त यांच्या उपासकांत श्रेष्ठ कोण असे विचारतो, तेव्हा त्याला मिळणारे उत्तर अव्यक्ताला नाकारत नाही, पण देहधारी माणसासाठी ती वाट अधिक क्लेशाची असल्याचे स्पष्ट सांगते. ज्ञानेश्वरांनी सगुण आणि निर्गुण ही दोन दैवते न मानता एकाच गोविंदाच्या ठिकाणी दोन्ही पाहिली. महाराष्ट्रातील लोकदैवतांच्या उपासनेत तर हा प्रश्न वादविवादाशिवाय सोडवला गेला आहे. देवीचा तांदळा, म्हणजे अवयव न घडवलेला गोलसर पाषाण, हे युरोपीय अर्थाने अमूर्त शिल्पच आहे. शाळिग्राम, बाण, शेंदूर फासलेला बांधावरचा दगड, नवरात्रात बसवलेला घट यांत मानवी आकृती नाही. परंतु उपासकाने आकृती काढून टाकून तेथे निराकार बसवला, असे तेथे घडलेले नाही. आकृती असावी की नसावी याला तेथे निर्णायक महत्त्वच नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर साठलेली शेंदराची जाड पुटे २०२२ मध्ये संवर्धनासाठी काढली गेली आणि आतले कोरीव रूप स्पष्ट झाले, पण देवी त्यामुळे आधीपेक्षा अधिक किंवा उणी झाली असे कोणी भाविक म्हणणार नाही.

त्या दगडाला दैवत करतो तो विधी. आवाहन म्हणजे देवतेला त्या ठिकाणी येण्याची विनंती, प्राणप्रतिष्ठा म्हणजे तिच्या सान्निध्याची स्थापना, आणि उत्सवमूर्तीच्या बाबतीत विसर्जन म्हणजे त्या सान्निध्याचा रीतसर निरोप. या तिन्ही क्रियांत पाषाणाच्या किंवा मातीच्या रूपाला जागा आहे, पण भार त्या रूपावर नाही. भार आहे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आचारावर, नैवेद्यावर, व्रतावर, यात्रेवर आणि सामुदायिक स्मृतीवर. आधुनिक चित्र हे नेमके या आचारापासून तुटलेले चित्र आहे. ते संग्रहालयात किंवा कलादालनात टांगलेले असते, त्याला कोणी आवाहन केलेले नसते, आणि समोर येणारा माणूस कोणत्याही व्रताने बांधलेला नसतो. तांदळ्याची निराकारता विधीच्या आधाराने उभी आहे, अमूर्त चित्राची निराकारता मात्र निराधार आहे. म्हणून चित्राला जर धार्मिक अर्थ यायचा असेल तर जे काम विधी करत होता ते चित्राच्या घडणीनेच करावे लागते. घडण दुबळी असेल तर विषय नसल्याचे पुण्य तिच्या कामी येत नाही.

पॉल टिलिख या जर्मन-अमेरिकन प्रॉटेस्टंट धर्मतत्त्ववेत्त्याचे विवेचन येथे सर्वाधिक उपयोगी पडते. त्यांनी चित्रातील विषय, रूप आणि शैली या तीन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि माणसाला ज्याची अंतिम आस्था आहे, ज्यावाचून त्याच्या जगण्याला अर्थ राहत नाही, ती गोष्ट विषयातून नव्हे तर शैलीतून प्रकट होते असे मांडले. म्हणूनच सेझान यांच्या सफरचंदात त्यांना अंतिम सत्याचे सान्निध्य जाणवे आणि हाइनरिख होफमान यांनी रंगवलेल्या गोड, गुळगुळीत येशूत ते जाणवत नसे. आणि म्हणूनच ज्यात एकही धार्मिक प्रसंग नाही त्या पिकासो यांच्या १९३७ च्या ‘गेर्निका’ला ते थोर प्रॉटेस्टंट चित्र म्हणू शकले. या मतावर आक्षेप आहेत. अंतिम आस्थेची व्याप्ती त्यांनी इतकी वाढवली की नास्तिकाची तळमळही तिच्यात सामावते आणि मग धर्म या संकल्पनेची कडच हरवते. तरीही त्यांनी जो भेद केला तो टिकणारा आहे, कारण त्यामुळे देवाचे चित्र आपोआप धार्मिक होत नाही हे जसे सिद्ध होते, तसेच देव वगळलेले चित्रही आपोआप धार्मिक होत नाही हे ओघाने येते. अमूर्ततेच्या पुरस्कर्त्यांनी पहिले अर्धे घेतले आणि दुसरे सोडून दिले.

फ्रान्समध्ये याच सुमारास डोमिनिकन संघाचे पाद्री मारी-आलँ कुतुरिए यांनी चर्चची दारे आधुनिक चित्रकारांना उघडून दिली. श्रद्धावान पण सामान्य कलावंतापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत चर्चला अधिक उपकारक आहे, अशी त्यांची धारणा होती. आसी येथील चर्चसाठी जर्मेन रिशिए यांनी घडवलेला झिजलेल्या लाकडासारखा ख्रिस्त १९५१ मध्ये बिशपच्या आज्ञेने वेदीवरून हटवला गेला, तर त्याच वर्षी व्हाँस येथे आँरी मातीस यांचे निळ्या, पिवळ्या, हिरव्या काचांचे प्रार्थनामंदिर पूर्ण झाले. ज्या कलाकृतीत ख्रिस्ताच्या वेदनेचा अनुभव अधिक तीव्र होता तीच धर्माधिकाऱ्यांना सोसवली नाही, ही गोष्ट विषयापेक्षा मांडणीच लोकांना आधी भिडते याची साक्ष आहे.

हेच गोव्यातील सालिगाव येथे १९२४ मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या बाबतीत दिसते. रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्या या चित्रकाराने विषय सोडला नाही. कॅथलिक घरात वाढलेल्या सूझा यांनी ख्रिस्त, संत आणि क्रूस आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवले. लंडनच्या टेट संग्रहालयात असलेल्या १९५९ च्या ‘क्रूसिफिक्शन’मधला ख्रिस्त काळवंडलेला, काटकुळा, अणकुचीदार रेषांनी जणू ओरबाडून काढलेला आहे, आणि सांत्वनाची कोणतीही खूण त्यात नाही. सूझा यांचा चर्चशी असलेला झगडा जगजाहीर होता. तरीही क्रूसावरच्या मरणाची लाज आणि क्रूरता, जी शतकानुशतके सोनेरी मुलाम्याखाली झाकली गेली होती, ती या चित्रात जितकी उघडी झाली तितकी अनेक भाविक चित्रांत झालेली नाही. विषय पूर्णपणे शिल्लक असूनही हे चित्र मोंद्रियान यांच्या कोणत्याही रचनेपेक्षा अधिक धार्मिक आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

मग अमूर्त चित्राला धार्मिक सामर्थ्य येतच नाही का? येते, पण त्याचे कारण वेगळे असते, आणि ते मार्क रॉथ्को यांच्या ह्यूस्टनमधील कामात दिसते. कुतुरिए यांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या जॉन आणि डोमिनिक द मेनील या दांपत्याने १९६४ मध्ये त्यांच्याकडे एका प्रार्थनामंदिरासाठी चित्रे मागितली. आज लॅटव्हियात असलेल्या द्विन्स्क गावी ज्यू कुटुंबात जन्मलेल्या रॉथ्को यांनी काळ्या, मरून आणि गडद जांभळ्या छटांची १४ प्रचंड चित्रे अष्टकोनी दालनासाठी केली; १९७० मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि मंदिर १९७१ मध्ये सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुले झाले. न्यूयॉर्कच्या कार्यशाळेत त्यांनी छतावरून येणारा प्रकाश पॅराशूटच्या कापडाने गाळून घेतला होता. ह्यूस्टनमध्ये मात्र टेक्सासचे प्रखर ऊन थेट आत उतरले, छताखाली आडोसे बसवावे लागले, आणि समाधानकारक प्रकाशयोजना होऊन मंदिर पुन्हा उघडायला २०२० साल उजाडले. निर्गुणाचे म्हणून गाजलेले हे दालन उन्हाच्या एका तिरिपीने बिघडू शकत होते. यात त्या चित्रांचा उणेपणा नाही, उलट त्यांचे बळ यातच आहे: थर किती पातळ, कड किती पुसट, पाहणारा किती अंतरावर, प्रकाश किती मंद, या सर्व सगुण गोष्टींची अपार काळजी घेतल्यामुळेच तेथे बसलेल्या माणसाची नजर हळूहळू ओळखण्याचा उद्योग सोडते आणि पाहण्यावर स्थिर होते.

याच कसोटीवर मराठी वाचकाला जवळच्या दोन चित्रकारांतला फरक स्पष्ट होतो. मंडला जिल्ह्यात वाढलेले, नागपूर आणि मुंबईत शिकून १९५० मध्ये पॅरिसला गेलेले सय्यद हैदर रझा १९८० च्या सुमारास बिंदूकडे वळले. बालपणी चंचल मन स्थिर करण्यासाठी शिक्षकांनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याची आठवण ते सांगत. मुस्लिम घरात जन्मलेल्या या माणसाने बिंदू, पंचतत्त्व, प्रकृती-पुरुष या कल्पना आपल्या मानल्या, यामागची आत्मीयता निःसंशय मोठी आहे. परंतु अनेक उत्तरकालीन चित्रांत बिंदू हा शोध न राहता चिन्ह होतो. पाहणाऱ्याला अर्थ आधीच ठाऊक असतो आणि चित्र त्या अर्थाची सुबक आठवण करून देते. चिन्हाचा पुरेपूर उपयोग विधीत असतो, आणि येथे विधी नाही.

वासुदेव सांतू गायतोंडे यांनी असे कोणतेही चिन्ह हाती दिले नाही. गोव्याशी नाते सांगणाऱ्या कुटुंबात १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेले, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळवलेले आणि १९७२ नंतर २००१ मध्ये निधन होईपर्यंत दिल्लीत राहिलेले गायतोंडे झेन बौद्धमताचे, रमण महर्षींचे आणि जे. कृष्णमूर्तींचे वाचक होते. आपल्या कामाला ते अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष म्हणत, कारण एखाद्या वस्तूचे सार काढून ते चित्रात मांडणे हा त्यांचा मार्ग नव्हता. वर्षाला मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर पसरणे, कागदाचे तुकडे ठेवून रंग उचलून घेणे, पुन्हा पातळ थर देणे, आणि या क्रियांच्या मधे दीर्घ काळ नुसते पाहत बसणे, असे त्यांचे काम चाले. या चित्रांसमोर उभे राहिले असता एखादा थर वर आहे की खाली, एखादी खूण मुद्दाम केलेली आहे की रंग उचलल्यावर उरलेली, हे ठरवता येत नाही, आणि हे न ठरणेच पाहणाऱ्याला धरून ठेवते. कृष्णमूर्ती ज्याला निवड न करता पाहणे म्हणत, त्याचे वर्णन ही चित्रे करत नाहीत, ते पाहणे ती घडवून आणतात. विधीची जागा येथे पाहण्याच्या शिस्तीने घेतली आहे.

पाहण्याची शिस्त म्हणजे उपासना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. उपासनेत कोणाला तरी शरण जाणे असते, चित्रापुढे तसे शरण जाणे नसते, आणि गायतोंडे यांचे चित्र मोक्षाचा मार्ग आहे असा दावा त्यांनीही केला नाही. धर्माची जागा कला घेऊ शकते असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु एकाग्रता, संयम आणि तत्काळ अर्थ काढण्याचा मोह आवरणे ही उपासनेची पूर्वतयारी सर्व परंपरांनी मानली आहे, आणि काही चित्रे ती तयारी करवून घेतात, मग त्यांत सफरचंद असो, क्रूस असो वा काहीही नसो.

म्हणून मराठी कलासमीक्षेला एक विनंती करावीशी वाटते. अमूर्त चित्राला केवळ ते अमूर्त आहे म्हणून आध्यात्मिक म्हणण्याची सवय सोडून द्यावी. थर कसे चढले, कड कशी विरली, डोळा कोठे अडतो आणि कोठे थांबतो, हे आधी लिहावे. स्वतः चित्रकार असलेल्या प्रभाकर बरवे यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये चित्रघडणीविषयी अशा जागरूकतेने लिहिता येते हे मराठीत दाखवून दिले आहे. त्या वर्णनातून अध्यात्म निघालेच तर ते लिहावे, आणि न निघाल्यास तसे स्पष्ट सांगावे.